गिरणगावातल्या गर्भवतीचं ताट

1928 साली मुंबईत गिरणीत राबणाऱ्या गर्भवती बाईविषयी दोन प्रश्न विचारले गेले. पहिला विचारला गेला परळच्या हाफकिन संस्थेत. ल्यूसी विल्स या इंग्रज रक्तरोगतज्ज्ञ त्या वर्षी मुंबईत आल्या, त्या एक कोडं घेऊन. इथल्या गरीब बायकांचं रक्त गरोदरपणात इतकं का खालावतं, की त्यातल्या कित्येकजणी बाळंतपणाच्या आगेमागे दगावतात? या बायकांच्या जेवणात नेमकं काय कमी आहे, इथवर त्यांचा शोध पोचणार होता. दुसरा प्रश्न त्याच वर्षी 28 जुलैला मुंबईच्या कायदेमंडळात उभा राहिला. प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूमिका मांडली, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर कामगार बाईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे. तेव्हा त्या दिवसांत बुडणाऱ्या मजुरीचा भार कुणी उचलायचा, हे ठरवलंच पाहिजे. ताटात काय नाही, हा एक प्रश्न. ताट भरायला पैसा कुठून येणार, हा दुसरा. दोन्ही एकाच बाईचे होते, पण त्यांची उत्तरं शोधणाऱ्या वाटा तिथून फुटल्या. एक वाट औषधाच्या कपाटाकडे गेली, दुसरी कायद्याच्या पुस्तकात. गरीब गर्भवतीच्या पोषणाचा पुढचा इतिहास हा या फाटाफुटीचा इतिहास आहे, असं माझं म्हणणं आहे. जिथे या वाटा पुन्हा एकत्र येतात, तिथेच तिच्या ताटात काही बदलण्याची आशा धरता येते.

गर्भवतीला चांगलं खाऊ घालावं, हे आपल्याला विसाव्या शतकात कुणी शिकवलं असं नाही. चरकसंहितेत गर्भिणीसाठी महिन्यागणिक आहार सांगितला आहे. आपल्याकडे डोहाळजेवणाची रीत आहे, आणि डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाला बाधतं हा समज घराघरांत आहे. या समजात एक मोठं शहाणपण दडलेलं आहे. गर्भवतीची खाण्याची इच्छा पुरवणं हा तिचा लाड नाही, ते घराचं कर्तव्य आहे, असं ही रीत बजावते. परंतु चरकाचा आहार दुधातुपाभोवती फिरतो, आणि डोहाळजेवणाला माहेर-सासर दोन्ही धडधाकट असावी लागतात. ज्या घरात दूध विकायला जातं, तिथे त्या उपदेशाचा आधार किती? शिवाय एक दिवस चौरंगावर बसवून खाऊ घातलेल्या बाईला उरलेले दिवस सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरेल ते वाढून घ्यायचं असे. पोट फार भरलं तर गर्भाला जागा उरत नाही, मूल मोठं झालं तर अडतं, म्हणून शेवटच्या महिन्यांत बेतानं खावं, अशीही शिकवण होती. परंपरेनं कर्तव्य मान्य केलं, पण ते पार पाडण्याचं साधन प्रत्येक घराच्या ऐपतीवर सोडलं. ऐपत नसलेल्या घरात ते कर्तव्य एका दिवसाच्या ओटीपुरतं उरलं.

कोकणातून आणि घाटावरून कुटुंबं गिरणगावात आली, तेव्हा हा अर्धामुर्धा आधारही ढासळला. गावी परसातला शेवगा, बांधावरचा माठ, पावसाळ्यातला टाकळा यांना पैसे पडत नव्हते. चाळीत पालेभाजीची जुडीही विकत घ्यावी लागे. बाळंतपणाला गावी जाण्याची रीत बऱ्याच बायकांनी टिकवली, पण गावी जायचं म्हणजे मजुरी सोडायची. 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांपैकी साधारण पाचवा हिस्सा बायका होत्या, त्यातल्या बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. भोंग्याआधी उठून चूल पेटवायची, दिवसभर खात्यात उभं राहायचं आणि परतल्यावर पुन्हा चूल. अशा दिवसात सावकाश शिजवून खाण्याला वेळही नव्हता. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनं 1921-22 मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तिच्या अहवालातला एक निष्कर्ष वारंवार उद्धृत झाला आहे. गिरणी कामगाराच्या पोटात जाणारं धान्य दुष्काळी कामांसाठी ठरवलेल्या कमाल शिध्याइतकं होतं, पण तुरुंगातल्या कैद्याला नियमानं मिळणाऱ्या शिध्यापेक्षा कमी होतं. हा आकडा आपण नीट वाचायला हवा. तो कुटुंबाचा हिशेब आहे. त्या कुटुंबात शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला किती आलं, हे त्या पाहणीनं मोजलं नव्हतं. घराचंच धान्य कैद्याच्या शिध्याला गाठत नसेल, तर सहाव्या-सातव्या महिन्यातल्या बाईच्या ताटाचा अंदाज बांधणं अवघड नाही.

त्याचे परिणाम मात्र मोजले जात होते. 1921 साली मुंबईत नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक अर्भकमृत्यूंची नोंद झाली. जन्मांची नोंद अपुरी होती आणि पुष्कळ जन्म गावी होत, त्यामुळे तो दर प्रत्यक्षापेक्षा फुगलेला आहे. तरीही त्याची धास्ती खरी होती. सरकारनं गिरण्यांतल्या बायकांची स्थिती तपासण्यासाठी एका स्त्री डॉक्टरची नेमणूक केली. 1926 मध्ये परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडलं. पुढे डॉ. मार्गारेट बाल्फर यांनी मातामृत्यूंच्या चौकशीचं काम हाती घेतलं, आणि त्यांच्याच बोलावण्यावरून ल्यूसी विल्स मुंबईत आल्या.

विल्स यांच्या कामाची पद्धत आजही शिकण्यासारखी आहे. त्यांनी आजाराचा माग जंतूंत काढून पाहिला, तसाच तो चुलीपाशीही काढला. डॉ. मानेक मेहता आणि डॉ. तळपदे या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी रुग्ण तपासले आणि मुंबईतल्या बायकांचा आहार व राहणी यांची पाहणी केली. निष्कर्ष स्पष्ट होता. ज्यांच्या जेवणात भाज्या, फळं आणि प्रथिनं कमी, त्या गरीब बायकांत हा रक्तक्षय जास्त होता. खाऊनपिऊन सुखी घरांत तो क्वचित दिसे. मग त्यांनी तसंच निकस जेवण प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना दिलं. रक्त खालावलेल्या एका माकडाला मार्माइट, म्हणजे इंग्लंडात पावाला लावून खाल्ला जाणारा यीस्टचा स्वस्त अर्क, दिल्यावर ते झपाट्यानं सुधारलं. तोच अर्क बायकांना दिल्यावर त्यांचंही रक्त भरून येऊ लागलं. 1931 मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. यकृताचा कच्चा अर्क या आजारावर चालत होता, शुद्ध केलेला अर्क मात्र चालत नव्हता. त्यावरून यीस्टमध्ये आणि कच्च्या यकृतात आजवर ओळखला न गेलेला एखादा घटक असला पाहिजे, हे उघड झालं. पुष्कळ काळ तो 'विल्स घटक' म्हणूनच ओळखला गेला.

1941 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळं काढलं आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल म्हटलं. 1945 मध्ये लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत, मूळच्या भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली, ते कृत्रिमरीत्या तयार झालं. विल्स यांचा शोध आता गोळीत मावू लागला. ही वैद्यकाची मोठी झेप होती. 1991 मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीनं सिद्ध केलं, की गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतलं तर बाळाच्या मज्जारज्जूतले जन्मजात दोष टाळता येतात. गोळीचं हे ऋण नाकारण्याचा माझा हेतू नाही. पण गोळी हाती आली तेव्हा तिच्यामागची पाहणी मागे पडली. परळच्या बायकांच्या ताटात पालेभाजी का नाही, असा प्रश्न विचारून सुरू झालेलं काम, पालेभाजीतलं द्रव्य कसं पोचवायचं या प्रश्नावर येऊन थांबलं. पालेभाजी का नव्हती, हे तसंच राहिलं.

तो भाग कायदेमंडळाच्या वाटेवर होता. कामगार नेते ना. म. जोशी यांनी 1924 मध्येच मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती-लाभाचं विधेयक आणलं होतं. ते फेटाळलं गेलं. मुंबईत कायदेमंडळाचे सदस्य आसवले यांनी तोच प्रयत्न प्रांतिक पातळीवर केला. गिरणीमालकांच्या बाजूचा आक्षेप होता तो खर्चाचा. एकाच प्रांतानं हा बोजा लादला तर इथला उद्योग इतर प्रांतांच्या स्पर्धेत मागे पडेल. आंबेडकरांचं उत्तर दोन पायऱ्यांचं होतं. माता आणि बालक यांचं कल्याण ही मुळात सरकारची जबाबदारी असल्यामुळे भार मुख्यतः सरकारनं उचलावा, हे त्यांना मान्य होतं. पण मालक बायकांना कामावर ठेवतो तो त्यात स्वतःचा लाभ पाहून. म्हणून त्या लाभाच्या बदल्यात काही वाटा त्यानंही उचलला पाहिजे. 1929 मध्ये मुंबईचा प्रसूती-लाभ कायदा झाला आणि कामगार बाईला बाळंतपणाच्या आगेमागे काही आठवडे दिवसाला आठ आणे मिळू लागले. भारतातला हा अशा तऱ्हेचा पहिला कायदा.

आठ आण्यांचा आणि पोषणाचा संबंध काय, असं कुणी विचारेल. कायद्यात जेवणाचा उल्लेख नाही, विश्रांतीचा आहे. पण श्रम आणि अन्न हे शरीराच्या एकाच वहीत लिहिले जातात. दिवसभर उभं राहून खर्ची पडलेली शक्ती भरून काढायला जे अन्न लागतं, तेच विश्रांतीच्या दिवसात गर्भाच्या वाट्याला येतं. आणि बाईच्या हातात स्वतःच्या नावाचे पैसे आले, तर जुडीभर भाजी घेण्याचा निर्णय तिला घेता येतो. म्हणूनच 1929 चा कायदा आपल्या पोषणाच्या इतिहासातला कायदा आहे, असं मी मानतो. त्याच्या मर्यादा मोठ्या होत्या. तो कारखान्यांपुरता होता. पुढच्या दशकांत गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण घटतच गेलं. प्रसूती-लाभानंच त्यांच्या नोकऱ्या गेल्या, असा युक्तिवाद तेव्हापासून केला जातो. त्यात तथ्याचा अंश आहे. खर्च एकट्या मालकावर टाकला की तो बाईला टाळतो. पण रात्रपाळीवरची बंदी आणि गिरण्यांतली फेररचना हीही त्यामागची कारणं होती. शिवाय या युक्तिवादातून निघणारा धडा आंबेडकरांनी 1928 मध्येच मांडला होता: मुख्य भार सार्वजनिक तिजोरीवर हवा. 1961 च्या केंद्रीय प्रसूती-लाभ कायद्यानंही तो भार मालकावरच ठेवला. शेतमजूर, घरकामगार, वीटभट्टीवरच्या बायका त्याच्या बाहेरच राहिल्या.

स्वतंत्र भारतानं पहिल्या वाटेवर जास्त भर दिला. 1970 मध्ये रक्तक्षय प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि लोह-फॉलिक आम्लाची गोळी गावोगावच्या गर्भवतींपर्यंत नेण्याचं काम आरोग्य यंत्रणेनं हाती घेतलं. अर्ध्या शतकानंतर, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या 52 टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या, महाराष्ट्रात 45.7 टक्के. ज्यांना नुकतंच मूल झालं होतं, त्यांच्यापैकी 100 दिवस गोळ्या घेतलेल्या 44 टक्के आणि शिफारशीप्रमाणे 180 दिवस घेतलेल्या अवघ्या 26 टक्के. गोळीचे समर्थक म्हणतील, गोळी हरली नाही. ती घेतलीच गेली नाही. हे खरं आहे, पण ती का घेतली जात नाही, याचं उत्तरही पुष्कळदा ताटातच सापडतं. लोहाच्या गोळीनं मळमळतं, पोट दुखतं, आणि रिकाम्या किंवा अर्धपोटी शरीराला हा त्रास अधिक होतो. अन्नाशिवाय गोळीही टिकत नाही.

गोळी घेतली तरी ती एकटी पुरत नाही, याचा पुरावा महाराष्ट्रातूनच आला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या शेतकरी कुटुंबांतल्या मातांचा अभ्यास केला. त्या मातांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन सुमारे 42 किलो होतं आणि बाळांचं सुमारे 2.7 किलो. किती उष्मांक पोटात गेले किंवा किती प्रथिनं, याचा बाळाच्या वाढीशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं, याच्याशी. त्याच माता-बालकांच्या पुढच्या पाहणीत आणखी एक गोष्ट समोर आली. ज्या मातांच्या रक्तात ब-12 जीवनसत्त्व कमी आणि फोलेट भरपूर होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती, म्हणजे पुढच्या मधुमेहाची पूर्वखूण, अधिक दिसली. विल्स यांना सापडलेलं द्रव्य मोलाचं आहे, पण शरीर ते द्रव्य सोबत्यांसह मागतं. ते सगळे सोबती एकत्र असतात ते पानात आणि दुधात.

इथे सर्वांत जुना आक्षेप पुढे येतो: गरीब बायकांना काय खावं हे कळत नाही, म्हणून त्यांना शिकवलं पाहिजे. शिकवणं वाईट नाही. शेवटच्या महिन्यांत कमी खावं हा समज दूर व्हायलाच हवा. पण अज्ञान हे मूळ कारण असतं, तर गिरणगावातल्या बाईला गावचा टाकळा शिजवता येत होता आणि चाळीत आल्यावर ती ते विसरली, असं मानावं लागलं असतं. तिला कळत होतं. तिच्याकडे पैसा, वेळ आणि ताटातलं आपलं स्थान या तिन्ही गोष्टी नव्हत्या. उपदेश या तिन्हींपैकी एकही देत नाही. उलट, जे तिला करता येत नाही त्याचा दोष तिच्याच माथी मारतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण तो पुराव्यानिशी येतो. मुंबईच्या झोपडवस्त्यांत 2006 पासून एक मोठी चाचणी झाली. एका गटातल्या बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून बाळंतपणापर्यंत रोज पालेभाज्या, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ दिला गेला. दुसऱ्या गटाच्या खाऊत हे पदार्थ नगण्य होते. 2014 मध्ये निकाल आले. एकूण गटांची तुलना केली तर बाळांच्या वजनात ठळक फरक नव्हता. मग अन्न देऊन उपयोग काय, असं विचारता येईल. पण निकालाचा तपशील वेगळं सांगतो. ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केला होता, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी 48 ग्रॅम जास्त होतं, आणि खाऊ घेणाऱ्या बायकांत गरोदरपणातला मधुमेहही कमी आढळला. अतिशय कृश बायकांच्या बाळांत मात्र वजनाचा हा लाभ दिसला नाही. यातून मला दिसतं ते असं, की वर्षानुवर्षांची झीज रोजच्या मूठभर खाऊनं भरून येत नाही. मदत लवकर सुरू व्हायला हवी, आणि सर्वांत कृश बाईला खाऊबरोबर पूर्ण जेवण आणि श्रमातून सुटकाही हवी. प्रयोगशाळेची वाट इथे पुन्हा कायदेमंडळाच्या वाटेला येऊन मिळते.

अलीकडच्या काळात या दोन वाटा जवळ आल्या आहेत. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानं प्रत्येक गर्भवतीला अंगणवाडीतून मोफत आहाराचा आणि किमान 6,000 रुपयांच्या मातृत्व लाभाचा हक्क दिला. आठ आण्यांचा आणि पालेभाजीचा विचार पहिल्यांदाच एका कलमात आला. महाराष्ट्रानं 2015 मध्ये आदिवासी भागांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. घरी नेण्याच्या पाकिटाऐवजी अंगणवाडीत शिजवलेलं पूर्ण जेवण: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू. यात एक जुनं दुखणं ओळखलेलं आहे. घरी नेलेला शिधा घराचा होतो, आणि तो सगळ्यांत वाटल्यावर तिच्यापर्यंत उरेल तेवढाच पोचतो. अंगणवाडीत पानावर बसलेली बाई शेवटी जेवत नाही. अशा योजनांत गळती होते, दर्जा घसरतो, सेविकेवर कामाचा भार वाढतो, हे आक्षेप रास्त आहेत. सुरुवातीला एका जेवणासाठी धरलेले 22 रुपये तुटपुंजे होते, हेही खरं. पण गळतीचं उत्तर देखरेख आणि पुरेसा खर्च हे आहे. ताट मोडणं हे नाही.

तरीही अर्धी वाट उरली आहेच. अमृत आहार सुरू झाला तो शेवटच्या तिमाहीपासून. मुंबईच्या चाचणीनं दाखवलेली वेळ त्याच्या कितीतरी आधीची आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेनं 2017 मध्ये पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये ठरवले. कायद्यानं म्हटलेल्या रकमेपेक्षा ते कमी आहेत, आणि नऊ महिन्यांवर वाटले तर दिवसाला जेमतेम साडेअठरा रुपये होतात. बीडहून कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेल्या गर्भवतीची अंगणवाडी गावात राहते आणि ती फडात असते. तिथे एका दिवसाचा खाडा म्हणजे आगाऊ घेतलेल्या उचलीवर चढलेला दंड. ती रीलिंग खात्यातल्या बाईची आजची बहीण आहे. गोळीची पट्टी तिच्या हातात देता येते, सल्लाही देता येतो. पण ती थांबू शकली नाही आणि बसून जेवू शकली नाही, तर दोन्ही वाया जातात. म्हणून जेवणाचं ताट ती जिथे राबते तिथे जायला हवं, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यांपासून सुरू व्हायला हवं, आणि ज्या दिवशी ती काम थांबवेल त्या दिवसाची मजुरी सार्वजनिक तिजोरीतून तिच्या हाती यायला हवी. विल्स यांनी तिचं ताट तपासलं, आंबेडकरांनी तिच्या मजुरीचा हिशेब मांडला. तिच्यासाठी आखलेल्या प्रत्येक योजनेला या दोन्ही कसोट्या एकदमच लावल्या पाहिजेत.